किडनी कॅन्सरच्या टार्गेटेड गोळ्या : छापील किंमत आणि खरी किंमत

पोयबावडी

घरात कुणाला पसरलेला किडनी कॅन्सर निघाला की आठवड्याभरात व्हॉट्सॲपवर अमेरिकेतल्या भाच्यापासून सगळे नवनव्या औषधांच्या लिंका टाकायला लागतात. आमच्याकडे हेच झालं. आमच्या भाऊजींना (यजमानांचे थोरले भाऊ) क्लिअर सेल प्रकारचा आहे, फुप्फुसात गेलेला. मी हिशेबाच्या कामातली बाई, त्यामुळे औषधं आणणं, बिलं लावणं, दुकानं पालथी घालणं हे खातं आपसूक माझ्याकडे आलं. काय द्यायचं ते डॉक्टर बघतात. हा धागा औषधांच्या बाजारावर आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. किडनीच्या कॅन्सरला नेहमीची केमो फारशी लागू पडत नाही. २००५ पर्यंत हाताशी होतं ते इंटरफेरॉन आणि इंटरल्युकिन-२. गुण थोड्यांना यायचा, त्रास बहुतेकांना व्हायचा. क्लिअर सेलमध्ये बहुतेक वेळा व्हीएचएल नावाचं जनुक बिघडलेलं असतं. हिफ नावाचं प्रथिन रोजच्या रोज उचलून नेणारी ही पेशीतली घंटागाडी. ती यायची बंद झाली की हिफ साचत जातं, प्राणवायू कमी पडतोय असा पेशीचा समज होतो आणि ती नव्या रक्तवाहिन्या मागवत सुटते. गाठ त्यावर पोसते. (पेशीला प्राणवायूची चणचण कशी कळते हे उलगडल्याबद्दल केलिन, रॅटक्लिफ आणि सेमेन्झा यांना २०१९ चं नोबेल मिळालं.) रक्तवाहिन्या वाढवण्याचा हा निरोप मध्येच अडवायचा, हे या गोळ्यांचं काम.

डिसेंबर २००५ मध्ये अमेरिकेत सोराफेनिबला मंजुरी मिळाली, लगेच जानेवारी २००६ मध्ये सुनिटिनिबला. पाठोपाठ टेमसिरोलिमस, एव्हरोलिमस, बेव्हॅसिझुमॅब, पाझोपॅनिब आणि २०१२ च्या सुरुवातीला ॲक्सिटिनिब. जिथे काही नव्हतं तिथे सहासात वर्षांत सात औषधं. २०१६ मध्ये कॅबोझँटिनिब आणि लेनव्हॅटिनिब, २०२१ मध्ये टिव्होझॅनिब, डिसेंबर २०२३ मध्ये बेल्झुटिफॅन. हे शेवटचं थेट हिफ-२ अल्फालाच (त्याच हिफचा एक प्रकार) धरतं. मधल्या काळात निवोलुमॅब, पेम्ब्रोलिझुमॅब ही इम्युनोथेरपीची (शरीराचीच प्रतिकारशक्ती कामाला लावणारी) इंजेक्शनं आली आणि आता बरेचदा इंजेक्शन अधिक गोळी अशी जोडी देतात.

जगभरात वर्षाला या कॅन्सरचे नवे रुग्ण ४ लाखांच्या वर. स्तन किंवा फुप्फुसाच्या मानाने हा आकडा लहानच. तरी कंपन्यांची एवढी झुंबड का? कारण गोळी एकदा सुरू झाली की लागू पडते आणि सोसते तोवर रोज घ्यायची असते. एकट्या कॅबोझँटिनिबची अमेरिकेतली २०२४ ची विक्री १८० कोटी डॉलरच्या आसपास होती (त्यात लिव्हर आणि थायरॉइडचे रुग्णही आले).

आता माझा मुद्दा. आपल्यासारख्या घरांनी 'सगळ्यात नवं कोणतं' हे नंतर विचारावं. आधी विचारावं की या औषधाचं भारतात पेटंट उरलंय का आणि किती कंपन्या ते बनवतात. सोराफेनिब, सुनिटिनिब, पाझोपॅनिब, एव्हरोलिमस, ॲक्सिटिनिब यांच्या भारतीय गोळ्या आहेत. लेनव्हॅटिनिब आणि कॅबोझँटिनिबच्याही मिळतात. इथे भाव करता येतो. इम्युनोथेरपीची बहुतेक इंजेक्शनं आणि बेल्झुटिफॅन हा निराळा मामला. तिथे एकदोन कंपन्या सांगतील तो भाव.

भाव करता येतो म्हणजे काय ते सांगते. भाऊजींची गोळी हॉस्पिटलच्याच दुकानातून छापील किमतीला घेत होतो. आमच्या एका शेजाऱ्यांनी प्रिन्सेस स्ट्रीटच्या दवा बाजारात जायला सांगितलं. तिथे काउंटरवरच्या मुलाने चिठ्ठी वाचली, कंपनी कोणती हवी विचारलं, कॅल्क्युलेटरवर आकडा टाकला आणि कॅल्क्युलेटर माझ्याकडे वळवला. तोंडाने काही बोलला नाही. आकडा छापील किमतीच्या निम्म्याहून बराच खाली होता. मी म्हटलं, बिल? म्हणाला, पक्कं बिल, बॅच नंबरसकट, जीएसटी धरून. कंपनी तीच, खोका तोच, एक्स्पायरीसुद्धा जवळपास तीच.

म्हणजे खोक्यावर छापलेली एमआरपी ही कमाल मर्यादा. या औषधांत ती इतकी वर ठेवलेली असते की मधल्या प्रत्येकाला त्यात घर बांधता यावं. डॉक्टरांनी मॉलिक्यूलचं (मूळ औषधाचं) नाव लिहिलेलं असलं, ब्रँडचं नाही, तर चार ठिकाणी विचारा. आणि डॉक्टरांना संकोच न करता सांगा की महिन्याला आमची झेप इतकी आहे. आम्ही सांगितलं तेव्हा ते रागावले तर नाहीतच, उलट "हे आधी सांगायला हवं होतं" म्हणाले.

जाणकारांनी भर घालावी.

मोगरा७१

फार कामाचं लिहिलंयस गं. वाचतेय.

अँटॉप_हिल

उत्तम धागा. पोयबावडी, तुम्ही सोराफेनिबवरून भरकन पुढे गेलात, पण आज भारतात ती गोळी स्वस्त आहे त्याची गोष्ट आपल्या मुंबईतच घडली. मी पेटंटच्या कामात बरीच वर्षं काढली आहेत, म्हणून जरा लांबण लावतो.

सोराफेनिबचं भारतातलं पेटंट बायर या जर्मन कंपनीला २००८ मध्ये मिळालं. महिन्याच्या १२० गोळ्यांची किंमत होती २,८०,४२८ रुपये. हैदराबादच्या नॅटकोने आधी बायरकडे परवाना मागितला, तो मिळाला नाही. मग पेटंट कायद्याच्या कलम ८४ खाली सक्तीच्या परवान्यासाठी अर्ज केला. पेटंट दिल्यापासून तीन वर्षांनी असा अर्ज करता येतो. पेटंट कंट्रोलर पी. एच. कुरियन यांनी मार्च २०१२ मध्ये निकाल दिला तो मुंबईच्या पेटंट कार्यालयातून. अँटॉप हिलच्या पोस्टाजवळचं बौद्धिक संपदा भवन. टाटा हॉस्पिटलपासून फार लांब नाही, पण तिथे रांगेत उभ्या असलेल्या किती जणांना ते ठाऊक असेल!

निकालाचे आधार तीन होते. लोकांची वाजवी गरज भागत नाही (बायरचं औषध गरजूंपैकी दोनेक टक्क्यांपर्यंतच पोचत होतं), किंमत परवडणारी नाही, आणि पेटंटचा भारतात वापरच होत नाही (औषध इथे बनत नाही, बाहेरून येतं). नॅटकोने जास्तीत जास्त ८,८८० रुपयांत महिन्याचा डोस द्यायचा, विक्रीवर ६ टक्के रॉयल्टी बायरला द्यायची आणि दरवर्षी किमान ६०० गरजू रुग्णांना फुकट द्यायचा. परवाना फक्त दोन आजारांपुरता होता, लिव्हरचा कॅन्सर आणि किडनीचा. म्हणजे तुमच्या भाऊजींचा आजार त्या आदेशात नाव घेऊन आलाय.

बायर अपिलात गेली. अपिलीय मंडळाने २०१३ मध्ये रॉयल्टी ७ टक्के केली, बाकी निकाल कायम. मग मुंबई हायकोर्ट, १५ जुलै २०१४, मुख्य न्यायमूर्ती मोहित शाह आणि न्या. संकलेचा यांचं खंडपीठ, निकाल कायम. त्याच वर्षी डिसेंबरात सुप्रीम कोर्टाने बायरची याचिका ऐकून घ्यायलाही नकार दिला.

गंमत म्हणजे सिप्ला तर परवान्याशिवायच सोराफेनिब विकत होती, बायरशी कोर्टात भांडत. नॅटकोला परवाना मिळाल्यावर दोनच महिन्यांत सिप्लाने आपला भाव ६,८४० वर आणला. २,८०,४२८ पासून इथवर. औषध बनवायला किती खर्च येतो याचा अंदाज ज्याचा त्याने बांधावा.

सुनिटिनिबची लढाई वेगळ्या कलमांवर झाली. सिप्लाच्या आक्षेपावरून २०१२ मध्ये ते पेटंट रद्द झालं, मग कोर्टाकोर्टांत वरखाली होत राहिलं.

मुलुंड_चेकनाका

अँटॉप_हिल, छान माहिती. पण एक विचारतो. सक्तीचा परवाना इतका रामबाण असता तर २०१२ नंतर आणखी किती मिळाले?

अँटॉप_हिल

एकही नाही. ब्लड कॅन्सरच्या डॅसॅटिनिबसाठी बीडीआर कंपनीचा अर्ज आला, तो फेटाळला. मधुमेहाच्या सॅक्साग्लिप्टिनसाठी ली फार्माचा आला, तोही २०१६ मध्ये फेटाळला. रामबाण मी म्हटलेलं नाही. एकदाच सुटलेला बाण म्हणा हवं तर.

मुलुंड_चेकनाका

हेच म्हणायचं होतं. मी औषध कंपनीत आहे (किडनी कॅन्सरशी संबंध नाही, आधीच सांगतो) आणि इथे दर वेळी 'कंपन्या लुटतात' एवढ्यावर गाडी थांबते, म्हणून दुसरी बाजू.

बेल्झुटिफॅनचंच घ्या. हिफ-२ अल्फा पकडता येईल असं कुणाला वाटत नव्हतं. टेक्सासच्या एका विद्यापीठातल्या लोकांनी त्या प्रथिनात एक पोकळी शोधली, त्यावर पेलोटन नावाची छोटी कंपनी निघाली आणि २०१९ मध्ये मर्कने ती विकत घेतली. सुरुवातीचेच मोजले १०५ कोटी डॉलर. तेव्हा औषध मंजूर व्हायचं होतं. ते आपटलं असतं तर पैसे पाण्यात. सगळ्या जगाने 'पेटंट संपेपर्यंत थांबू' म्हटलं तर पुढची गोळी शोधणार कोण?

दुसरं, एमआरपीचा गाळा मुख्यतः कंपनी खाते असं नाही. कंपनी स्टॉकिस्टला देते ती किंमत आणि छापील किंमत यातली दरी बहुतेक वेळा मधल्यांची असते. मोठी हॉस्पिटलं स्वतःच 'छापील किंमत जास्त ठेवा' म्हणून दबाव आणतात, कारण मार्जिन टक्क्यांत मिळतं. कमी छापलं की ब्रँड त्यांच्या दुकानात ठेवतच नाहीत.

पोयबावडी

मुलुंड_चेकनाका, शोधाचा पैसा मिळू नये असं मी कुठे म्हटलंय? पेटंट संपलेल्या गोळीच्या खोक्यावर चौपट किंमत छापण्यात कुठलं संशोधन आहे, एवढंच सांगा.

मुलुंड_चेकनाका

त्यात काही नाही. तिथे तुमचंच बरोबर.

सरकारने एकदा हात घातला होता. फेब्रुवारी २०१९ मध्ये एनपीपीएने (औषधांच्या किमतींवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) ४२ कॅन्सर औषधांवर ३० टक्क्यांची ट्रेड मार्जिन मर्यादा लावली. फुप्फुसाच्या कॅन्सरच्या एर्लोटिनिबचा एक ब्रँड ९,९९९ वरून ८९१ वर आला. कंपनी बुडाली नाही, गोळी बाजारातून गेलीही नाही. आधीच्या ९,९९९ मध्ये किती हवा होती ते बघा.

आणि सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झालाय. जुन्या साठ्याचं बिल १२ ने लावत असतील तर सरळ भांडा.

डॉ_संध्याछाया

मेडिकल ऑन्कॉलॉजीत काम करते. धागा चांगला आहे, पण पोयबावडी, 'नवं कोणतं हे नंतर विचारा' हे सरसकट वाचलं जाऊ नये.

पसरलेल्या किडनी कॅन्सरमध्ये आम्ही आधी रुग्णाची जोखीम काढतो. सहा गोष्टी बघतो. रुग्ण किती हिंडताफिरता आहे, निदानापासून वर्षाच्या आत औषध सुरू करावं लागलं का, हिमोग्लोबिन कमी आहे का, आणि कॅल्शियम, न्यूट्रोफिल (एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी), प्लेटलेट वाढलेत का. यातलं एकही नसेल तर जोखीम कमी. तीन किंवा जास्त असतील तर गंभीर. मधल्या आणि गंभीर गटात निवोलुमॅब-इपिलिमुमॅब जोडीची सुनिटिनिबशी तुलना झाली, त्यात पाच वर्षांच्या पाठपुराव्यात निम्मे रुग्ण जगण्याचा काळ ४७ महिने विरुद्ध २६.६ महिने असा निघाला. हा फरक किरकोळ नव्हे. लेनव्हॅटिनिब-पेम्ब्रोलिझुमॅब जोडीत आजार आटोक्यात राहण्याचा काळ २३.९ महिने, सुनिटिनिबवर ९.२. अशा रुग्णाच्या घरच्यांना मी नव्या इंजेक्शनाबद्दल सांगितलंच नाही तर ती माझी चूक ठरेल. मग परवडतं की नाही ते ते ठरवतील.

पण त्याच आकड्यांकडे दुसऱ्या बाजूनेही बघा. नुसत्या सुनिटिनिबवर मधल्या आणि गंभीर गटातले निम्मे लोक दोन वर्षांच्या पुढे गेले. इंटरफेरॉनच्या काळात असं दिसत नव्हतं. तेव्हा ज्यांना फक्त गोळी परवडते त्यांनी 'आपण काहीच करत नाही' ही टोचणी मनातून काढावी. सुनिटिनिब आणि पाझोपॅनिब यांची समोरासमोर तुलना झाली, आजार रोखण्यात दोन्ही तोलामोलाच्या ठरल्या. दमणूक आणि हातापायाचा त्रास पाझोपॅनिबने कमी, लिव्हरवर लक्ष मात्र जास्त ठेवावं लागतं.

बेल्झुटिफॅनबद्दल लिंका येतात त्यांच्यासाठी. ते आधीची औषधं होऊन गेल्यावरचं आहे. एव्हरोलिमसशी तुलनेत आजार वाढण्याचा वेग कमी झाला, पण एकूण आयुष्य वाढल्याचं ठोस दिसलं नाही. हिमोग्लोबिन उतरतं, प्राणवायूची पातळी खाली जाऊ शकते. नवं आहे म्हणून त्यासाठी घर विकू नका.

डोंबिवली_फास्ट_नाही

डॉक्टर, टाटाने इम्युनोथेरपी अगदी कमी डोसमध्ये दिली आणि फायदा झाला असं वाचलं होतं. किडनीला चालेल का?

डॉ_संध्याछाया

तो अभ्यास डोकं-मानेच्या कॅन्सरचा होता, २०२२ मध्ये मांडला गेला. निवोलुमॅब दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, जिथे नेहमीचा डोस दर दोन आठवड्यांनी २४० असतो. स्वस्त गोळ्यांच्या केमोला जोड म्हणून दिलं, तर वर्षभर जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ वर गेलं. परळमध्ये झालेलं काम आणि जगाने दखल घेतली. पण किडनीसाठी तेवढ्या ताकदीचा पुरावा त्या अभ्यासातून मिळत नाही. तुमचे डॉक्टर विचार करून देत असतील तर वेगळं. स्वतःहून 'अर्धीच व्हायल द्या' म्हणू नका.

निवृत्त_मोटरमन

मी स्वतः रुग्ण. पाझोपॅनिब चालू आहे. बाजाराचं पोयबावडीताईंनी सांगितलंच, मी घरातलं सांगतो.

डोक्याचे केस, भुवया, मिशा सगळं पांढरंशुभ्र झालं. नातू म्हणतो, आजोबा, नाताळात तुम्हाला काम मिळेल. हरकत नाही. बीपी वाढतं, रोज सकाळी मोजून वहीत लिहितो. गोळी रिकाम्या पोटी, जेवणाआधी तास किंवा नंतर दोन तास. ॲसिडिटीची गोळी मी वर्षानुवर्षं घ्यायचो, ती डॉक्टरांनी बंद केली. तिच्यामुळे ही गोळी अंगी लागत नाही म्हणे. आमच्या मागच्या अंगणातलं पपनसही बंद.

एक शंका. मला एकाने सांगितलं की ही गोळी जेवणासोबत घेतली तर कमी गोळ्यांत काम भागतं, पैसे वाचतात. खरं का?

डॉ_संध्याछाया

काका, यात तथ्य आहे, म्हणूनच घाबरते. पाझोपॅनिब जेवणासोबत घेतली तर रक्तातलं प्रमाण साधारण दुप्पट होतं. नेदरलँड्समध्ये अभ्यास झाला, जेवणासोबत ६०० म्हणजे उपाशीपोटी ८०० इतकं भरलं, आणि रुग्णांना तेच बरं वाटलं. पण हे लिव्हरच्या तपासण्या बघून, डॉक्टरांनी ठरवून करायचं. ८०० चालू ठेवून जेवणासोबत घ्यायला लागलात तर लिव्हर बोंबलेल. पुढच्या भेटीत विचारा आणि ती बीपीची वही बरोबर न्या.

शतावरी

लक्ष्मणफळाचा रस घेऊन माझ्या मावसकाकांची गाठ विरघळली. सगळ्या गोळ्या बंद केल्या. कंपन्या हे पुढे येऊ देत नाहीत. पत्ता हवा असेल तर संपर्क करा.

कुर्ला_टर्मिनस

आला! दर धाग्यावर एक येतोच.

डॉ_संध्याछाया

शतावरी, काकांना बरं वाटतंय तर आनंद आहे. पण इथे वाचणाऱ्या कुणी गोळ्या बंद करू नयेत. एक किडनी आधीच काढलेल्या माणसाने कुठलाही रस, काढा, भस्म घेताना दुसऱ्या किडनीचा विचार करावा. क्रिएटिनिन वाढलं की आम्हाला चांगलं चाललेलं औषधही थांबवावं लागतं.

माणदेशी

नमस्कार. आम्ही साताऱ्याकडचे, वडिलांना घेऊन परळला येऊन-जाऊन आहोत. सध्या राहायची सोय दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत झाली आहे. इन्शुरन्स आहे पण कंपनी म्हणते गोळ्या घरी घेता, ॲडमिट नाही, म्हणून क्लेम नाही. योजनेत बसतं का? कुणाला विचारायचं कळत नाही. पहिल्यांदाच लिहितोय, चुकलं तर सांभाळून घ्या.

पोयबावडी

माणदेशी दादा, चुकलं कुठे, चांगलं केलंत विचारलंत. मला माहीत आहे ते सांगते.

इन्शुरन्सचं आधी. आयआरडीएआयने (विमा कंपन्यांवर देखरेख करणारी सरकारी संस्था) आधुनिक उपचारांची यादी काढली होती, २०२० पासूनच्या आरोग्य पॉलिसींना ती लागू झाली. त्यात ओरल केमोथेरपी आणि इम्युनोथेरपीची इंजेक्शनं दोन्ही आहेत. कंपनीला त्यावर वेगळी मर्यादा घालता येते, पण 'गोळी आहे म्हणून नाही' एवढंच तोंडी सांगून भागत नाही. नकार लेखी मागा, पॉलिसीतलं कोणतं कलम ते लिहायला लावा. डॉक्टरांकडून चिठ्ठी घ्या की हा कॅन्सरवरचा उपचार आहे आणि तो गोळीच्याच स्वरूपात येतो. मग तक्रार कक्ष, तिथे नाही झालं तर विमा लोकपाल. आम्ही लेखी मागितल्यावर सूर बदलला. सगळी रक्कम आली नाही, पण आली.

महात्मा फुले योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत आहे, पण ठरलेल्या पॅकेजांपुरतं. तुमची गोळी यादीत आहे का ते हॉस्पिटलमधल्या आरोग्यमित्राला नाव दाखवून विचारा. तोंडी 'कॅन्सर बसतो' म्हणतील, त्यावर जाऊ नका.

टाटात असाल तर मेडिकल सोशल वर्क विभागात जा. ट्रस्टांचे अर्ज, मुख्यमंत्री सहाय्यता निधी, सिद्धिविनायक न्यास, सगळ्यांचे कागद कसे लावायचे ते तिथे सांगतात. खर्चाचं अंदाजपत्रक हॉस्पिटलच्या लेटरहेडवर लागतं, ते आधी काढून ठेवा. झेरॉक्स भरपूर.

इन्कम टॅक्स भरत असाल तर ठरावीक आजारांच्या उपचारखर्चाची वजावट बघा (१९६१ च्या कायद्यातलं कलम ८०डीडीबी). रुग्ण ज्येष्ठ नागरिक असेल तर १ लाखापर्यंत वजावट, पण जुन्या करपद्धतीतच.

परळ_टीटी

भर घालतो. कंपन्यांच्या पेशंट असिस्टन्स योजना असतात, काही खोके विकत घेतले की पुढचे फुकट, अशा धर्तीवर. दुकानदार हे सांगत नाही, कारण त्याचा धंदा बुडतो. डॉक्टरांच्या ओपीडीत विचारा.

शिवाय टाटाच्या पुढाकाराने नॅशनल कॅन्सर ग्रिडने देशभरातल्या हॉस्पिटलांची मागणी एकत्र करून ४० औषधांचा एकत्र भाव केला आणि काही औषधांत कपात ९० टक्क्यांच्याही पुढे गेली. म्हणजे पोयबावडींनी दवा बाजारात जे केलं तेच, फक्त घाऊक. तुमचं हॉस्पिटल ग्रिडचं सदस्य आहे का, आणि तो भाव रुग्णापर्यंत येतो का, हे विचारायला काय हरकत आहे?

कुर्ला_टर्मिनस

दवा बाजारातून घ्यावं हे ठीक, पण इंजेक्शनांच्या बाबतीत सांभाळा. मार्च २०२४ मध्ये दिल्ली पोलिसांनी टोळी पकडली, रिकाम्या व्हायल गोळा करून त्यात भलतंच भरून महागडी इम्युनोथेरपी म्हणून विकत होते. हॉस्पिटलमधलीच माणसं त्यांना व्हायल पुरवत होती. इंजेक्शन टोचून झालं की रिकामी व्हायल आणि खोका डोळ्यांसमोर खराब करायला लावा. आमच्या आईच्या वेळी मी स्वतः पेनाने लेबल खरवडायचो, सिस्टर हसायच्या. आणि ही इंजेक्शनं २ ते ८ डिग्रीत हवीत. दुकानातून हॉस्पिटलात नेताना बर्फाची पिशवी नसेल तर घेऊ नका, सूट कितीही असो.

मुलुंड_चेकनाका

शंभर टक्के. गोळ्यांमध्येही बिलावर बॅच नंबर आणि खोक्यावरचा बॅच नंबर जुळवून बघा. बिलाशिवाय आणखी स्वस्त देतो म्हणणाऱ्याकडे पाठ.

आणि कॅबोझँटिनिब घेणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा. ती गोळीतही येते आणि कॅप्सूलमध्येही, दोन्ही एकमेकांच्या जागी चालत नाहीत. कॅप्सूल थायरॉइडच्या एका कॅन्सरसाठी, मिलिग्रॅमचे आकडेही वेगळे. दुकानदाराने 'हेच आहे, घेऊन जा' म्हटलं तरी घेऊ नका.

माणदेशी

सगळ्यांचे आभार. आज सोशल वर्कमध्ये गेलो होतो. अंदाजपत्रकाचा अर्ज दिला, सोमवारी मिळेल म्हणाले. इन्शुरन्सला मेल टाकला, कलम विचारलं आहे. बघू.

ताई, अजून एक. वडिलांचं औषध बदललं. आधीच्या गोळ्यांचा एक अख्खा खोका न उघडता तसाच शिल्लक आहे. दुकानदार परत घेत नाही. धर्मशाळेत आमच्या शेजारच्या पेशंटला तीच गोळी चालू आहे. त्यांना देऊ का? पैसे नकोत मला.

पोयबावडी

तुम्ही विकत नाही आहात, मन मोठं आहे तुमचं. पण सरळ हातात नका देऊ. त्यांचा डोस वेगळा असू शकतो, दिसायला खोका एकच. डॉक्टर, तुम्ही सांगा.

डॉ_संध्याछाया

बरोबर. सीलबंद खोका, एक्स्पायरी आणि बिल घेऊन सोमवारी जाताय तेव्हाच सोशल वर्करना दाखवा. तुमच्या शेजाऱ्यांनाही त्यांची फाइल घेऊन बरोबर न्या. मिलिग्रॅम जुळत असतील आणि त्यांचे डॉक्टर हो म्हणाले तर काय करता येईल ते तिथेच ठरेल. खोका उन्हात ठेवू नका.

माणदेशी

बरं. सोमवारी दोघं जातो.